मुंडक्यांची पेटी

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका गावसभेत ऑर्विल गरजला, "हरणांचा रोग हे सरकारी थोतांड आहे! चाळीस वर्षं शिकार खातोय, मला काय धाड भरली? एकानंही मारलेल्या हरणाचं मुंडकं तपासायला द्यायचं नाही!" टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

घरी बायकोनं विचारलं, "मग कालचं हरीण शिजवू ना? रविवारी नात येतेय जेवायला."

ऑर्विल वाकून बुटांच्या नाड्या सोडत बसला.

"आता का दातखीळ बसली?"

उजाडताच तो हरणाचं मुंडकं पोत्यात घालून, टोपी डोळ्यांवर ओढून सरकारनं तपासणीसाठी ठेवलेल्या पेटीपाशी गेला. पेटी गच्च भरली होती. प्रत्येक मुंडक्याला शिकाऱ्याच्या नावाची चिठ्ठी होती. सभेत टाळ्या पिटणारे झाडून सगळे हजर!

"एकजात ढोंगी लेकाचे!" ऑर्विल संतापानं ओरडला आणि त्यानं आपलं मुंडकं दाबून आत बसवलं.