जांभळ्या दिव्याखाली

कासेलमधला फोल्कमार जुन्या जर्मन लष्करी वस्तूंना खरेपणाचा दाखला द्यायचा. पण आधी अंधारात जांभळ्या दिव्याखाली बघून. एकहार्टने आणलेला पहिल्या महायुद्धातला कोट दिव्याखाली लखलखला.

"खोटा आहे रे! जुनं कापड असं चमकत नाही. ही हल्लीच्या धुण्याच्या पावडरीची चमक."

"खोटा कसा? माझ्या आजोबांच्या अंगावरचा आहे!"

"मग कुणीतरी धुतलाय, गड्या."

एकहार्ट चमकला. त्याची बायको रोस्वीथा शेवटपर्यंत शपथेवर सांगायची, "तुझ्या त्या कुबट कोटाला मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

दाखला तिथेच राहिला. कोट काखेत मारून तो थेट दफनभूमीत गेला, तिच्या कबरीवरची पानं झटकली आणि हसत म्हणाला,

"सापडलीस! आता बोल की."