रक्तगटाची चौकट

"सही करा, कुंदाताई. गोष्ट इथंच मिटेल." दळवी साहेबांनी कागद पुढे सरकवला.

कागदावर तीनच ओळी होत्या. कार्डं भरताना माझ्याकडून निष्काळजीपणा झाला, मला या कामातून मोकळं करावं. खाली तिचं नाव आणि सहीपुरती जागा.

टेबलावर कामगारांची एकशे बारा ओळखपत्रं पसरली होती. त्यातल्या सत्त्याण्णवांवर रक्तगटाच्या चौकटीत भलतंच काहीतरी उमटलं होतं. 'हरिचंद्र नाथा भगत' हे नाव नीट होतं, पण रक्तगटाच्या जागी एक रिकामा चौकोन आणि त्याच्यापुढे 'गत'. आडनावाचं शेपूट.

"आडनाव लिहिता लिहिता तुम्ही पुढच्या रकान्यात जाता," साहेब म्हणाले. "ऑफिसातली वीस कार्डं या प्रीतमने केली. वीसच्या वीस बरोबर. मशीन तेच, प्रोग्रॅम तोच. मग चूक कुणाची? वय झालं की होतं असं. डोळे दाखवून घ्या एकदा."

प्रीतम विठ्ठलवाडीचा. प्रोग्रॅम त्यानेच लिहिलेला. तो भिंतीला टेकून मोबाइल चाळत होता.

कुंदाच्या कानशिलात आग उठली. आनंदनगरात कारखाना उभा राहिला, त्या दिवसापासून हजेरीपट तिच्या हातचा होता. त्याआधी, ती शाळेत गेली तेव्हा, मास्तरांनी पटावर 'कुंदी' एवढंच लिहिलं होतं. वडील कामावरून तसेच तीन मैल चालत शाळेत गेले. "पोरीला बाप आहे, आडनाव आहे. पूर्ण लिहा," म्हणाले, आणि लिहून होईस्तोवर दारातून हलले नाहीत. कुंदाने आयुष्यात कुणाचं नाव अर्धं लिहिलं नव्हतं. आणि ही कार्डं तर तिनेच मागून घेतलेली. मागच्या वर्षी हरिचंद्रचा बाप नाथा कामावर भाजला, तेव्हा त्याचा रक्तगट कारखान्यात कुणालाच सांगता आला नव्हता.

"जेवणाच्या सुट्टीनंतर सही करते," ती म्हणाली.

सुट्टीत तिने डबा उघडला नाही. चुकलेली कार्डं बाजूला सारली आणि बरोबर निघालेली पंधरा समोर मांडली. चुकीचं कारण सत्त्याण्णव कार्डं सांगेनात, ते कदाचित ही पंधरा सांगतील. त्यात जनी नाथा भगत होती, हरिचंद्रची सख्खी बहीण. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून दोघं एकाच टेम्पोने कामाला येत. दोघांची नावं कुंदाने एकापाठोपाठ एक भरली होती. बाप तोच, आडनाव तेच. बहीण बरोबर, भाऊ चुकलेला. मग बनू नाथा पवार. तीही बरोबर. कुंदाने पंधराही नावं बोटाने मोजली. सगळी आखूड होती.

तिने प्रीतमला हाक मारली. "नावाला जागा किती ठेवलीस रे?"

"चाळीस घरं, काकू. भरपूर झाली. एवढं मोठं नाव कुणाचं असतं?"

"मराठी अक्षराला घरं किती लागतात?"

"इंग्लिशला एक. मराठीला..." तो थांबला. "तीन. कान्याला परत तीन. वेलांटीला तीन." त्याने हरिचंद्रचं कार्ड उचललं, ओठ हलवत मोजलं आणि खुर्चीत बसला.

"चाळीस संपली की उरलेलं कुठे जातं?"

"पुढच्या घरांत. ती रक्तगटाची आहेत. मधेच तुटलेल्या अक्षराचा चौकोन उमटतो."

"आणि भरायच्या आधी मावतंय की नाही ते बघत नाहीस? पिंप केवढं ते न बघता नळ सोडून दिलास?"

"काकू, मी इंग्लिशमध्येच टेस्ट केलं होतं ना! ऑफिसची वीसही इंग्लिशमध्येच होती. साहेबांना नका सांगू, प्लीज. तुम्ही सही करून टाका, तुमचं काय जाणार आहे? मी रविवारी येऊन गुपचूप नीट करतो. तोवर नावं छोटी टाका. 'हरि भगत' केलं तरी चालतंय की."

"तुझ्या मशीनला मावेना, म्हणून माणूस कापायचा?" कुंदा उठली. "माझं काय जाणार ते मास्तरांना विचार. ते वारले. नाहीतर तुला नेलं असतं."

प्रीतमला काही कळलं नाही. तो नुसता मान खाली घालून तिच्यामागून मशीनपाशी गेला.

दोन वाजता साहेब परत आले. त्यांच्या गळ्यात त्यांचं स्वतःचं कार्ड होतं. नाव इंग्रजीत, रक्तगट स्वच्छ, बी पॉझिटिव्ह.

"झाली सही?"

"करते, साहेब. त्याआधी एक कार्ड तुम्ही करा. तुमचंच. मराठीत, वडिलांच्या नावासकट. माझे डोळे गेलेत, तुमचे शाबूत आहेत."

"हा काय पोरखेळ आहे?"

"एकच कार्ड. मग म्हणाल तिथं सही करते."

साहेब हसले आणि खुर्ची ओढून बसले. कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या. त्यांनी एका बोटाने शोधत शोधत लिहिलं, प्रमोद शिवराम दळवी. रकाना बदलला. रक्तगट लिहिला. दोन्ही पुन्हा वाचून पाहिले. कुंदा हाताची घडी घालून उभी होती. प्रीतमने डोळे मिटून घेतले होते.

मशीन घरघरलं. कार्ड बाहेर आलं.

साहेबांनी ते जवळ धरलं, मग लांब धरलं. नाव ठसठशीत उमटलं होतं. खाली रक्तगटाच्या चौकटीत एक रिकामा चौकोन होता आणि त्याच्यापुढे 'ळवी'.

कुंदाने टेबलावरचा कागद उचलला, फिरवला आणि त्यांच्यापुढे सरकवला.

"पेन देऊ, साहेब?"