मांजरपाटाचे पाच पायजमे

कोकिळा परसात आली तेव्हा तिची सासू कस्तुराबाई दगडावर बसून पंडितचा पायजमा धूत होती. कोकिळा घाईने पुढे झाली. नवऱ्याचे कपडे धुणं तिचं काम. सासूने आजवर त्यांना हात लावला नव्हता, आणि आज लावला तोही नेमका या पायजम्याला.

हा पायजमा म्हणजे कोकिळेच्या हातचं पहिलं शिवण. जिंतूरला माहेरी असताना शेजारच्या शिंपिणीकडून ती शिकली होती, आणि सासरी आल्या आल्या तसं बोलूनही बसली होती. घरात सगळे धोतरवाले. घरातच काय, अख्ख्या गावात. परभणीला जाऊन चार बुकं जास्त शिकलेला पंडित तेवढा पायजमा घालायचा. म्हणून तिने मोठ्या हौसेने मांजरपाट बेतला, आणि तो कमी पडला. दोन पायांच्या मधोमध बसवायची चौकोनी मियानी काही निघेना. दिवस कंट्रोलचे, कापड मोजून मिळायचं, वीतभर जास्तीचं कुणी देत नव्हतं. शेवटी तिने आपल्याच हिरव्या लुगड्याचा तुकडा कापून तिथे लावला. चालताना दिसत नाही, पाय फाकले तरच दिसतो, अशी मनाची समजूत घातली. पंडितने तर पाहिलंही नाही. सोमवारी तोच घालून पिंगळीला गेला आणि संध्याकाळी गुडघ्यांवर तांबडे डाग घेऊन परतला.

आता सासू तो पायजमा उलटा करून, उन्हात धरून ती हिरवी मियानीच निरखत होती.

‘सुनेला कापड बेतता येत नाही.’ कोकिळेला धास्ती होती ती या एका वाक्याची. सासूच्या तोंडून ते एकदा निघालं की दुपारपर्यंत पाणवठ्यावर पोचणार, आणि मग जन्मभर पुसलं जाणार नाही.

"हे तू लावलंस?" कस्तुराबाईने विचारलं.

"व्हय आत्याबाई. कापड कमी पडलं. आत्ताच उसवून टाकते."

"उसवायचं नाव घेऊ नको." कस्तुराबाईने गुडघ्यांवरचे तांबडे डाग दगडावर खसाखसा घासले. मग म्हणाली, "लय घट्ट शिवलंस पोरी. परवा सकाळपस्तोर असे अजून चार व्हतेल का?"

"चार?"

"तुझे मामंजी, बन्सीधर, भुजंग अन् आश्रुबा. समद्यायला एकेक."

सासरे, थोरले दीर, धाकटे दीर इथवर ठीक होतं. पण सालगड्यालाही? कोकिळेचा कानांवर विश्वास बसेना. तोवर दिवाळीसाठी जपून ठेवलेलं मांजरपाटाचं ठाण सासूच्या पेटीतून बाहेर आलंसुद्धा.

या वेळी तिने जिवापाड काळजी घेतली. कोळशाने खुणा केल्या, तीनदा मापं घेतली, मगच कात्री लावली. चारही मियान्या बरोबर निघाल्या. पांढऱ्याशुभ्र. तिने त्या सासूपुढे ठेवल्या, थोड्या तोऱ्यातच.

कस्तुराबाईने त्या बाजूला सारल्या आणि आपलं हिरवं लुगडं आणून टर्रकन फाडलं. "हिरव्याच लाव. पंडितला एक अन् बाकीच्यायला एक, असं घरात बरं दिसत न्हाई."

सासूने सुनेच्या शिवणासाठी स्वतःचं लुगडं फाडावं! कोकिळेला भरून आलं. हा सासुरवास असेल तर सगळ्या पोरींना मिळो, असं तिला मनापासून वाटलं. मग दोन दिवस दोघी ओसरीवर मांडीला मांडी लावून बसल्या. सून टाके घाली, सासू नाड्या वळी. भाकरीसुद्धा तिथेच खाल्ली. कस्तुराबाई मधूनमधून वेशीकडे बघायची आणि म्हणायची, "हात चालव पोरी." पण आवाजात राग नव्हता.

सासऱ्यांनी, आबासाहेबांनी मात्र पायजमा बघून कपाळाला आठ्या घातल्या. "मी काय तहसिलीतला कारकून हाय का?"

कस्तुराबाई त्यांना आत घेऊन गेली. दोन शब्द बोलली असेल, नसेल. आबासाहेब बाहेर आले ते पायजमा घालूनच. भुजंग हसायला लागला, त्याला त्यांनी डोळ्यांनीच दटावलं. आश्रुबाने नाडीला बैलाच्या दाव्यासारखी गाठ मारली आणि अंग चोरून उभा राहिला.

गुरुवारी सकाळी कस्तुराबाईने पाचही जणांना बाहेर ओट्यावर रांगेने बसवलं. मांड्या घातलेल्या, त्यामुळे प्रत्येकाची हिरवी मियानी दिसत होती. येणारे-जाणारे हसत होते. कोकिळा दाराआडून बघत होती. तिला कुणाच्या हसण्याचं काही वाटलं नाही. इतकी सुखात ती लग्नानंतर एकदाही नव्हती.

ऊन ओट्यावर आलं तसे पोलिसांचे जमादार आले, मागे दोन शिपाई. आबासाहेब उठून म्हणाले, "या जमादारसाहेब. बसा, च्या घ्या."

"चहा नंतर." जमादारांनी पाचही जणांकडे एकेक करून पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. त्यांची नजर गोंधळली. "सोमवारी पिंगळीच्या टेसनात कुणीतरी सिग्नलच्या खांबावर चढून संस्थानात बंदी असलेला तिरंगा बांधला. तोंड कुणाला दिसलं नाही. आमचा शिपाई खाली उभा होता. त्याला फक्त पायजमा दिसला, अन् त्यात मधोमध हिरवा तुकडा. परवापासून गावोगाव तोच शोधतोय, गुरुवार तुमच्या गावाच्या फेरीचा."

कोकिळेने दाराची चौकट घट्ट धरली. पंडित खाली मान घालून बसला होता.

कस्तुराबाई पुढे आली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय सांगू जमादारसाहेब! आमच्या सुनंला कापडच बेतता येत न्हाई. पाचच्या पाच नासवले बगा."