माडीवरचा वजनकाटा

या, जवळ सरकून बसा मंडळी, एका वजनकाट्याची कथा सांगतो. छप्पन साली कन्नड मुलखातल्या चामराजपेटेतले पहिलवान खंडोजीअण्णा कारखान्यात हमालीची नोकरी मागायला गेले. भरतीआधी तपासणी करणारे डॉक्टर माडीवर, त्यांचा लोखंडी काटा मात्र कुणाला उचलेना म्हणून खालीच अडलेला. अण्णांनी तो एकट्याने खांद्यावरून वर नेला. डॉक्टर "शाबास!" म्हणाले, अण्णांना त्यावरच उभं केलं आणि उंची-वजनाचा विलायती तक्ता उघडला.

"उंचीच्या मानानं फार लठ्ठ. ओझी झेपणार नाहीत. नापास."

"सरी, स्वामी, ठीक आहे," अण्णा हसले. "पांडुरंगानं मला घडवताना हा तक्ता पाहिला नव्हता. आता काटा खाली न्यायला तक्त्यात बसणारा गडी बोलवा."

तक्त्यात बसणारे असे चौघे आले, पण काटा न हलवताच घामाघूम होऊन परत गेले. काटा अजून माडीवरच आहे. वजन करायला जिना चढाल, तेव्हा खंडोजीअण्णांची आठवण ठेवा.