फिटची वाट

हारिकाच्या डाव्या हाताचा अंगठा बोटांवर घासायला लागला, तेव्हा बटण नरसय्याच्या मुठीत होतं. ते त्यानं दाबलं नाही.

तीच खूण होती. "अंगठा हलला की लगेच दाबायचं, म्हणजे सिस्टर औषध सोडेल. मशीनच्या आधी बापाला कळतं, म्हणून तर तुम्हाला आत बसवलंय," असं डॉक्टर वसुंधरांनी त्याला बजावलं होतं. शिशाच्या पेटीतलं इंजेक्शन तयार ठेवून सिस्टर लिन्सी पलंगाशी बसली होती. त्या औषधात किरणोत्सर्ग होता. फिट सुरू होताच ते नसेत गेलं, तर मेंदूत जिथे रक्त धाव घेतं तिथे जाऊन ते चिकटणार होतं, आणि नंतरच्या फोटोत ती जागा दिसणार होती. जागा सापडली तर ऑपरेशन. एमआरआयमध्ये काहीच सापडलं नव्हतं.

फिट यावी म्हणून गोळ्या बंद केल्या होत्या. जी येऊ नये म्हणून नरसय्यानं पोरीच्या लहानपणापासून मल्लन्नाला नवस केले, तीच आज यावी म्हणून तो सकाळपासून मनातल्या मनात विनवत होता.

आणि ती आली. दारात शिकाऊ डॉक्टरांचा घोळका उभा होता. हारिका ताडकन उठून बसली, अंगातला कुडता वर ओढायला लागली आणि तिच्या तोंडून शिव्या सुटल्या. जनगावात ताडीच्या दुकानासमोरही कुणी उघड बोलणार नाही अशा, बाईमाणसाला द्यायच्या शिव्या.

नरसय्यानं बटण टाकून दिलं. एका हातानं चादर तिच्या अंगावर ओढली, दुसऱ्या हातानं तिचं तोंड दाबून धरलं.

"अंकल, हात काढा!" लिन्सी ओरडली. "बाजूला व्हा, नळी दबलीय तुमच्याखाली!"

तिनं त्याला ढकलून औषध सोडलं खरं, पण तोवर हारिका थकून उशीवर पडली होती.

"गेला डोस वाया," डॉक्टर म्हणाल्या. "तोवर फिट सगळ्या मेंदूत पसरली असेल. सुरुवात कुठून झाली, ते कसं कळणार? उद्या दुसरा मागवते. पण तुम्ही बाहेर बसायचं."

"बाया-बापड्यांसमोर असलं बोलते ती, मॅडम. मी बाप आहे."

"आम्ही तिच्या शिव्या ऐकायला बसलेलो नाही हो."

नरसय्यानं खाली पडलेलं बटण उचलून लिन्सीच्या हातात दिलं. बायको गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. फिट येतेय असं दिसलं, की तो आधी खिडक्या लावायचा, मग पोरीकडे बघायचा. शुद्धीवर आल्यावर ती विचारायची, "बापू, मी काय बोलले?" तो म्हणायचा, "काही नाही. नुसतीच बरळलीस."

संध्याकाळी हारिकानं डाळभात चिवडला आणि बाजूला सारला.

"उद्या तूच बस," ती म्हणाली. "आणि दाब ते बटण. मला हे संपवायचंय, बापू. तुझी अब्रू राहू दे बाजूला."

दुसऱ्या दिवशी ते औषध पुन्हा आलं. हारिकाच्या हट्टामुळे डॉक्टरांनी नरसय्याला आत बसू दिलं. शिकाऊ पोरंही आली. त्यांना बाहेर पाठवू का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर हारिकाच म्हणाली, "असू द्या. शिकायलाच आलीत ना?"

दुपारी पेटीतल्या औषधाचा जोर संपत आला आणि आजही हातचं जातंय असं सगळ्यांना वाटायला लागलं, तेवढ्यात अंगठा हलला. नरसय्यानं बटण दाबलं आणि पलंगापासून दूर होऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याच शिव्या आल्या, त्याच क्रमानं, सगळ्या खोलीभर. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कुणी हसलं नाही. लिन्सीनं औषध सोडलं, मग सावकाश हारिकाचा कुडता खाली केला.

फोटो आला तेव्हा डॉक्टरांनी तो बाप-लेकीला दाखवला. निळ्या-हिरव्या मेंदूत उजवीकडे, पुढच्या भागात, सुपारीएवढा लाल ठिपका होता.

"इथून सुरू होतं. एकच जागा आहे, आणि हात घालता येईल अशी आहे. आता ऑपरेशनचं बोलू."

हारिका त्या ठिपक्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मॅडम, माझा व्हिडिओ काढलाय ना? मला बघायचाय."

"तू नको बघूस, पोरी," नरसय्या घाईनं म्हणाला. "काय करायचंय बघून?"

"सगळ्यांनी बघितलं. मीच तेवढी राहिलेय."

डॉक्टरांनी नरसय्याकडे बघितलं, मग लिन्सीला खूण केली. व्हिडिओ सुरू झाला. हारिका आपलंच ओरडणं ऐकत बसली. आधी तिनं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. मग तिचा हात हळूहळू खाली आला. ती पुढे वाकली, कान देऊन ऐकायला लागली, जणू लांबून ओळखीचं कुणीतरी बोलत होतं.

"बापू," ती म्हणाली, "हे तर तू आईला म्हणायचास."

लिन्सीनं पटकन आवाज बंद केला. पडद्यावर हारिकाचे ओठ नुसतेच हलत राहिले, आणि नरसय्याला त्यांवरचा एकेक शब्द कळत होता.