ग्रुपवर कोण लिहिणार

फाट्यावरच्या लिंबाखाली तीन बाया उभ्या होत्या. तिघींच्या हातात मोबाईल होते आणि एकीचंही बोट हलत नव्हतं.

शाळेची पिवळी गाडी केव्हाच यायला पाहिजे होती. ऊन कापसावरून सरकून बांधाला टेकलं होतं. ड्रायव्हर संपतचा फोन लागत नव्हता, शाळेचा फोन नुसताच वाजत होता. तृप्ती मात्र डांबरी रस्त्याकडं बघतच नव्हती. ती बघत होती कालव्याकडं. पुलाचं काम निघाल्यापासून संपत गाडी कालव्याच्या भरावावरून घालायचा, आणि कालव्याला परवाच पाणी सुटलं होतं.

विचारायला जागा एकच, पालकांचा ग्रुप. शाळेच्या तीर्थपुरीपासून इथवरच्या सगळ्या गावांचे आयबाप त्यावर होते. मागच्या गावात लेकरं उतरली का, एवढं कळलं असतं तरी जीव भांड्यात पडला असता. पण ग्रुपवर लिहायचं ते इंग्रजीत, आणि वर्गाच्या संध्या मॅडम तिथं डोळ्यांत तेल घालून बसलेल्या. पहिलं अक्षर लहान पडलं, शेवटचा फुलस्टॉप सुटला, की मॅडम ते वाक्य उचलायच्या आणि दुसऱ्या दिवशी लेकराला वर्गापुढं उभं करून तेच वाक्य फळा भरेस्तोवर दुरुस्त लिहायला लावायच्या. चूक आईची, हात लेकराचा. वर पोरांचं हसणं वेगळं. तृप्तीचा प्रेम तिसरीत होता. मागं तो तापानं फणफणला, तेव्हा तिनं घाईत त्याचं नाव लहान अक्षरानं लिहिलं होतं. फळा भरून आलेलं ते पोरगं त्या दिवशी जेवलंही नाही.

तेव्हापासून त्या टापूत इंग्रजीच्या मोठ्या अक्षराचा असा धाक बसला, की वाघाचाही नसेल. लोक सांगतात, एकाच्या कडब्याच्या गंजीला आग लागली, तर तो गडी 'फायर'चा एफ मोठा की लहान, हे विचारत गावभर फिरला. उत्तर मिळालं तेव्हा हातात राख होती. खरं-खोटं त्या गंजीला ठाऊक.

"तूच लिव गं तृप्ती," शेजारची शीतल म्हणाली. "तुझी बारावी झालेली हाय."

तृप्तीनं लिहायला घेतलं. 'बस' लिहिलं आणि थांबली. शीतलचं म्हणणं पडलं, बस काही कुणाचं नाव नाही, बी लहानच पाहिजे. तृप्ती म्हणाली, पण वाक्य तिथूनच सुरू होतंय. मग मॅडमला नमस्कार आधी घालावा असं ठरलं. तर मॅडमच्या मागं कॉमा द्यायचा का, इथं घोडं अडलं. तीर्थपुरीचा टी मोठा, त्यात दुमत नव्हतं. पुसलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. त्याच गाडीतल्या हरिओमची आजी गोजरबाई इतका वेळ दोघींच्या बोटांकडं बघत होती. तिला इंग्रजीतलं ओ की ठो येत नव्हतं, म्हणून तिलाच लेकरांची खरी भीती वाटत होती.

"लेकरं कुठं हायती त्ये इचारायचंय का त्या अक्षरांचं लगीन लावायचंय?" ती म्हणाली. "मघापासून मुंडावळ्याच बांधून राह्यल्या तुम्ही."

तेवढ्यात डांबरीवरून एक ट्रॅक्टरवाला आला. त्याला आडवं होऊन विचारलं, तर म्हणाला, रस्त्यानं पिवळी गाडी कुठंच दिसली नाही.

तृप्तीचं बोट मग कुणाला विचारायला थांबलं नाही. बस नॉट केम व्हेअर चिल्ड्रन. वर मोठं अक्षर नाही, खाली प्रश्नचिन्ह नाही. गेलं.

मग पहिल्या गावातून कुणीतरी लिहिलं, हिअर केम, लाँग बॅक. तेही सगळं लहान अक्षरांत. दुसऱ्या गावातून आलं, हिअर अल्सो केम. मग कालव्यापलीकडच्या, त्यांच्या फाट्याआधीच्या गावातून आलं: हिअर नॉट केम. त्याही गावच्या बाया फाट्यावर मोबाईल धरूनच उभ्या होत्या. गाडी कुठून निघाली आणि कुठं पोचली नाही, हे सगळ्यांच्या खिशात केव्हाचं पडून होतं.

"काय म्हणत्यात गं?" गोजरबाईनं विचारलं.

शीतल सांगायला वळली. पडद्यावर आणखी एक ओळ आली. एकच शब्द होता, कॅनॉल. पुढं काही नाही.

तिघी धावल्या. बाभळी, ढेकळं, पऱ्हाट्या काही बघितलं नाही. गोजरबाईला मागं टाकून दोघी भरावावर चढल्या तेव्हा गाडीचं तोंड पाण्यात होतं आणि मागची चाकं वर. उसातल्या माणसांनी साखळी धरून मागच्या खिडकीतून एकूण एक लेकरू बाहेर काढलं होतं. संपत चिखलात बसून स्वतःच्या हातांकडं बघत होता.

प्रेम काठावर कुणाच्यातरी टॉवेलात गुंडाळलेला होता. छातीपर्यंत भिजलेला, एका पायात बूट, पाठीवर दप्तर तसंच. तृप्तीनं त्याचं डोकं चाचपलं, हात चाचपले, पोटाशी ओढलं. त्याचे दात वाजत होते. त्यानं मान तिरकी करून तिच्या मुठीतल्या मोबाईलकडं बघितलं.

"मम्मी," तो हळूच म्हणाला, "तू ग्रुपवर काई लिवलं तर न्हाई ना?"