शिलेदारचा कौल

पुंजाराम बाटलीचं झाकण काढणार, एवढ्यात तातेराव म्हणाला, "थांबा. ही आपली न्हाई राह्यली."

हसनाबादच्या शिवारातला म्हसोबा म्हणजे लिंबाखालचा शेंदूर फासलेला धोंडा. त्याच्यापुढं रामराव हात जोडून बसला होता. शेजारी बायको नंदाबाई, मागे मुलगा आदिनाथ. पावसाळ्यात आदिनाथला साप चावला, तेव्हा रामराव नवस बोलला होता. पोरगं उठलं तर शिलेदार बीअरची बाटली वाहीन, आणि तोवर स्वतः थेंबाला शिवणार नाही. पोरगं उठलं. रामरावनंही शब्द पाळला. गावाला जास्त नवल दुसऱ्या गोष्टीचं वाटलं.

"आपली न्हाई म्हंजे?" पुंजाराम म्हणाला. तो म्हसोबाचा भगत. वाहून उरलेली बाटली त्याच्याच वाट्याला यायची, म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला.

तातेराव रामरावचा पिण्यातला जुना सोबती. त्यानं मोबाईलवरची बातमी पुढं केली. "शिलेदारची कंपनी इकली. साता समुद्रापल्याडच्या लोकांनी घेतली, सगळीच्या सगळी. सहा सहा महिने बर्फ ऱ्हातंय त्यांच्या मुलखात."

सगळे बाटलीकडं बघू लागले. लेबलावरचा घोडा तोच, भाला तोच, घोड्यावरचा शिलेदारही तोच. कुठं तो बर्फाचा मुलूख आणि कुठं ती विकणारा हसनाबादच्या रस्त्यावरचा ढाबा. एवढ्या लांबच्या माणसाला आपली शिलेदार घ्यावीशी वाटली, या विचारानं रामरावचा ऊर भरून आला. मग त्याला नवस आठवला.

"मी आपल्या शिलेदारचा नवस बोलल्तो," तो म्हणाला. "देवाला फसवल्यावानी झालं तर? पोराच्या जिवाचा मामला हाय."

मग कौल लावायचं ठरलं. पुंजारामनं झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून धोंड्याला चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार.

रामरावनं विचारलं, "देवा, ही बीअर आपली हाय का परक्याची?"

पाकळ्या हलल्या नाहीत. वाट पाहून झाली, ऊन डोक्यावर आलं, तरी त्या जागच्या जागी.

"बाबा, दुसरी कोणती घिऊन येऊ का?" आदिनाथनं विचारलं.

नंदाबाईला राहवलं नाही. "अवो, काय इचारून राह्यले तुमी? देवाला काय कंपनी चालवायची हाय? पोराचं इचारा."

रामराव पुन्हा धोंड्याकडं वळला. "देवा, पोरगं तुझ्या वटीत घातलंय. राखशील न्हवं?"

उजवी पाकळी सुटली आणि धोंड्यावरून घसरत खाली आली.

जन्मभर कौल लावत आलेल्या पुंजारामच्याही अंगावर काटा आला, त्यानं जमिनीला डोकं टेकलं. वारा नव्हता. तातेरावनं मोबाईल खिशात घातला आणि हात जोडले.

रामरावनं बाटली उघडली. आदिनाथचा हात आपल्या हाताखाली धरून त्यानं ती धोंड्यावर ओतली. फेस शेंदरावरून उतरला आणि तापलेल्या मातीत बघता बघता जिरला. भगतासाठी थोडी ठेवायची असते, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. बाटलीत घोटभर उरली, ती पुंजारामनं रामरावच्याच ओंजळीत ओतली. नवस फिटला होता.

आदिनाथ चार पावलांवर नारळ फोडायला बसला. रामरावनं घोट घेतला.

तातेराव जवळ सरकला. केव्हापासून तो यासाठीच थांबला होता. "खरं सांग. बदलली का चव?"

रामरावनं ओले हात पुसले.

"न्हाई ध्यानात आलं," तो म्हणाला. "मी पोराकडं पाहून राह्यल्तो."